वाळूंत पुरलेली मोटार

जीर्णोद्धार हा शब्द उच्चारतांच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें एखादें देऊळ, घाट किंवा धर्मशाळा उभी राहते. काशीच्या विश्वेश्वराचें मंदिर १७८० च्या सुमारास अहिल्याबाई होळकरांनीं पुन्हां उभारलें. अशा कृत्यांमुळें त्या शब्दाला पुण्याचा वास कायमचा चिकटला आहे. परंतु आपल्याच परंपरेंत याच्या उलट असाहि एक दंडक आहे. मूर्ति भंगली तर ती पूजेंत ठेवीत नाहींत. तिचें विसर्जन करतात, आणि विसर्जन केलेली मूर्ति पाण्यांतून पुन्हां वर काढावी असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. पडलेलें पुन्हां उभारावें, कीं भंगलेल्याला निरोप देऊन मोकळें व्हावें, हा प्रश्न म्हणूनच वाटतो तितका सोपा नाहीं. विसाव्या शतकांत तो वेल्सच्या समुद्रकांठीं एका मोटारगाडीच्या बाबतींत उभा राहिला. त्या मोटारीचें नांव ‘बॅब्स’. ती एका घरच्या कारखान्यांत जन्मली, समुद्रकांठच्या वाळूवर मोडली, बेचाळीस वर्षें त्याच वाळूखालीं पडून राहिली आणि अखेर दुसऱ्या एका घरच्या कारखान्यांत पुन्हां उभी राहिली. तिचा इतिहास म्हणजे माणसें, त्यांचे मित्र आणि त्यांनीं एकमेकांच्या साह्यानें केलेलें काम यांचाच इतिहास आहे.

पहिलें महायुद्ध १९१८ सालीं संपलें आणि विमानांसाठीं बांधलेलीं असंख्य इंजिनें निरुपयोगी होऊन पडलीं. त्यांत ‘लिबर्टी’ नांवाचें एक अमेरिकन इंजिन होतें. १९१७ सालीं अमेरिका युद्धांत उतरली तेव्हां जेसी व्हिन्सेंट आणि एल्बर्ट हॉल या दोन अभियंत्यांना वॉशिंग्टनच्या एका हॉटेलांत बसवून, अवघ्या पांच-सहा दिवसांत त्याचा आराखडा करवून घेण्यांत आला होता. बारा नळकांडीं, प्रत्येकाचा व्यास पांच इंच, दट्ट्याची धांव सात इंच आणि एकंदर धारणा २७ लिटर, असा त्याचा प्रचंड देह होता. सामान्य घरगुती मोटारीचें सबंध इंजिन एक-दीड लिटरचें असतें. येथें एकेका नळकांड्याचीच धारणा सव्वादोन लिटर होती. शक्ति सुमारें चारशें अश्वबळाची. अशीं वीस हजारांहून अधिक इंजिनें तयार झालीं, आणि युद्ध संपल्यावर त्यांपैकीं कित्येक स्वस्तांत विकलीं जाऊं लागलीं.

इंग्लंडच्या केंट परगण्यांत, कँटरबरीजवळ, हायम पार्क नांवाचा एक वाडा आहे. तेथें त्या काळीं काउंट लुई झ्बोरोव्स्की नांवाचा एक तरुण धनिक रहात असे. त्याचे वडील एलियट हे १९०३ सालीं नीसजवळील ला तुर्बी येथें, डोंगर चढण्याच्या मोटार-शर्यतींत मरण पावले होते. मुलाला आईकडून अपार संपत्ति मिळाली आणि वडिलांकडून शर्यतीचें वेड. पैसा असलेला माणूस सहसा मोटार विकत घेतो. झ्बोरोव्स्कीनें ती घरीं बांधावयाचें ठरविलें. या कामीं त्याला कॅप्टन क्लाइव्ह गॅलप या मित्राचें साह्य लाभलें. गॅलप हा जातिवंत यंत्रज्ञ होता. बेंटले मोटारीच्या पहिल्या इंजिनाच्या रचनेंत त्याचा हात होता. या दोघांनीं हायमच्या कारखान्यांत एका जुन्या मर्सिडीजच्या सांगाड्यावर मेबाख जातीचें विमानाचें इंजिन चढविलें आणि १९२१ सालीं ती गाडी ब्रुकलंड्सच्या शर्यतपथावर आणली. तिचें नांव ‘चिट्टी बँग बँग’. पुढें इयान फ्लेमिंग यांनीं १९६४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या बालकथेसाठीं हेंच नांव थोड्या फरकानें उचललें, म्हणून ज्यांना झ्बोरोव्स्कीचें नांवहि ठाऊक नाहीं अशीं मुलें आज त्याच्या मोटारीला ओळखतात.

याच कारखान्यांत ‘हायम स्पेशल’ नांवाची आणखी एक राक्षसी गाडी आकारास आली. तींत लिबर्टी इंजिन बसविलें होतें आणि युद्धापूर्वीच्या एका बेंझ मोटारीची गिअरपेटी जोडली होती. इंजिनाची शक्ति मागच्या चाकांपर्यंत पोंचविण्यासाठीं दोन्ही बाजूंस सायकलीप्रमाणें साखळ्या होत्या. अर्थात् त्या सायकलीच्या साखळीपेक्षां कितीतरी पटींनीं दणकट होत्या. या साखळ्यांचें पुढें फार कारण पडणार आहे. गाडी पुरती मार्गीं लागण्याच्या आधींच, ऑक्टोबर १९२४ मध्यें, इटलींतील मोंझा येथील शर्यतींत झ्बोरोव्स्की ठार झाला. बापामागून मुलगाहि त्याच छंदापायीं गेला आणि हायम स्पेशल पोरकी झाली.

ती विकत घेणारा माणूस धनिक नव्हता. जॉन गॉडफ्रे पॅरी-थॉमस हा वेल्समधील एका धर्मोपदेशकाचा मुलगा. लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स कॉलेजांत अभियांत्रिकीचें शिक्षण घेऊन तो लेलँड कंपनीच्या मुख्य अभियंत्याच्या पदापर्यंत चढला होता. तेथें त्यानें आठ नळकांड्यांची एक उंची मोटार निर्माण केली. या कामांत रीड रेल्टन हा तरुण अभियंता त्याचा साह्यकर्ता होता. पुढें ती नोकरी सोडून थॉमस ब्रुकलंड्सच्या शर्यतपथाच्या आवारांतच एका लहानशा बंगल्यांत राहूं लागला. घर आणि कारखाना यांमध्यें फारसें अंतर असें राहिलेंच नाहीं. झ्बोरोव्स्कीच्या मागें राहिलेली हायम स्पेशल त्यानें १२५ पौंडांस घेतली, तिचे दट्टे स्वतःच्या रचनेचे बसविले, कार्बुरेटर बदलले, अंगावरील पत्र्याचा आकार पालटला आणि तिला ‘बॅब्स’ असें घरगुती नांव दिलें. म्हणजे बॅब्सचा पहिला जीर्णोद्धार थॉमसनेंच केला असें म्हणावयास हरकत नाहीं.

त्या काळीं जमिनीवरील वेगाचा विक्रम हा राष्ट्रीय अभिमानाचा विषय होऊन बसला होता. वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर पेंडाइन येथें सुमारें सात मैल लांबीचा वालुकामय समुद्रकिनारा आहे. ओहोटीच्या वेळीं वाळू ओली, सपाट आणि घट्ट असते. तेवढ्या अवधींत काय तो पराक्रम करावयाचा. नियम असा कीं, ठराविक अंतर दोन्ही दिशांनीं धांवून त्या दोन वेगांची सरासरी काढावयाची, म्हणजे वाऱ्याचा फायदा कोणास मिळूं नये. एप्रिल १९२६ च्या २७ तारखेस थॉमसनें ताशीं १६९.३० मैलांचा विक्रम केला आणि दुसऱ्याच दिवशीं तो १७१.०२ मैलांवर नेला. या वेगानें एक मैल अवघ्या एकवीस सेकंदांत संपतो. कंपन्यांचीं बळें पाठीशीं घेऊन नव्या गाड्या बांधणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांस सव्वाशें पौंडांच्या जुन्या गाडीनें मागें टाकलें होतें.

हें यश फार दिवस टिकलें नाहीं. ४ फेब्रुवारी १९२७ रोजीं माल्कम कॅम्पबेल यानें त्याच पेंडाइनच्या वाळूवर आपली ‘ब्लू बर्ड’ ताशीं १७४.८८ मैलांच्या वेगानें पळविली. तिकडे हेन्री सीग्रेव्ह हा एक प्रचंड सनबीम मोटार घेऊन अमेरिकेस जाण्याच्या तयारींत होता. थॉमसला घाई करणें भाग होतें. ३ मार्च १९२७ रोजीं तो पुन्हां पेंडाइनच्या वाळूवर उतरला. भरवेगांत असतां बॅब्सवरील ताबा सुटला, ती उलटली आणि वाळूवर फरपटत गेली. थॉमसच्या डोक्यास भयंकर जखम होऊन तो जागींच गतप्राण झाला. जमिनीवरील वेगाच्या विक्रमासाठीं प्राण गमावणारा पहिला चालक म्हणून त्याची गणना होते. अवघ्या सव्वीस दिवसांनीं, २९ मार्चला, सीग्रेव्हनें फ्लोरिडाच्या डेटोना किनाऱ्यावर ताशीं २०३.७९ मैलांचा वेग गांठला. ज्या आंकड्यासाठीं थॉमस मेला, तो आंकडा महिन्याच्या आंतच जुना झाला.

थॉमसचा देह ब्रुकलंड्सजवळ बायफ्लीट येथील चर्चच्या आवारांत विसांवला. मोटारीचें काय करावयाचें हा प्रश्न मात्र राहिला. मृत्यूची चौकशी आटोपल्यावर पेंडाइनच्या वाळूंत एक मोठा खड्डा खणून मोडलेली बॅब्स त्यांत पुरण्यांत आली. भंगलेल्या मूर्तीचें विसर्जन करावें तसाच हा प्रकार झाला. ती गाडी पुन्हां कोणीं चालवूं नये आणि तिच्या तुकड्यांचा बाजारहि कोणीं मांडूं नये, एवढें त्यानें साधलें.

परंतु गाडीबरोबर एक गोष्ट पुरली गेली नाहीं. ती म्हणजे अपघाताची कहाणी. उजव्या बाजूची साखळी तुटली, ती उसळून थॉमसच्या मानेवर बसली आणि त्यांतच तो मेला, असें सर्वत्र बोललें जाऊं लागलें. पुस्तकांतून तें उतरलें, एका पुस्तकांतून दुसऱ्यांत गेलें आणि कालांतरानें इतिहास होऊन बसलें. कहाणी मनास पटण्याजोगी होती हें खरें. साखळ्या चालकाच्या बसण्याच्या जागेजवळूनच जात होत्या. सीग्रेव्हच्या सनबीमलाहि साखळ्या होत्या, पण त्या पोलादी आवरणांत बंदिस्त होत्या. मग साहजिकच निष्कर्ष निघे कीं थॉमसनें जुनी, धोक्याची रचना हातीं घेतली आणि स्वतःच्या अविचाराचें फळ भोगलें. मेलेला माणूस उत्तर देऊं शकत नव्हता, आणि जिला उत्तर देतां आलें असतें ती गाडी वाळूखालीं होती. मित्रांनीं ज्या कृतीनें त्याची स्मृति जपली, तिनेंच त्याचा एकमेव साक्षीदार गप्प केला होता.

अशीं बेचाळीस वर्षें गेलीं. दुसऱ्या महायुद्धापासून पेंडाइनचा किनारा लष्कराच्या शस्त्रचांचणीचें ठिकाण झाला होता आणि बॅब्स त्या कुंपणाच्या आंत सांपडली होती. उत्तर वेल्समध्यें बँगर येथील तंत्रविद्यालयांत अभियांत्रिकी शिकविणारे ओवेन विन ओवेन यांच्या मनांत ती वर काढण्याचा विचार आला. लष्करी खात्याची परवानगी हवी होती, थॉमसच्या आप्तांची संमति हवी होती, आणि गांवांतील कांहीं लोकांचा तर उघड विरोध होता. या विरोधास हट्ट म्हणून बाजूस सारणें योग्य होणार नाहीं. ज्या गांवानें एका शूर माणसाचा अंत पाहिला, त्या गांवास ती जागा समाधीसारखी वाटली तर त्यांत नवल काय? निजलेल्यास निजूं द्यावें ही भावना सर्व देशांत सारखीच आहे.

तथापि दुसऱ्या बाजूसहि सांगण्याजोगें बरेंच होतें. वाळूंत थॉमस नव्हता. तो बायफ्लीटला होता. वाळूंत होतें तें त्याच्या हातचें काम. माणसाचा देह मातीस मिळावा हें उचित. पण त्याच्या बुद्धीनें घडविलेली वस्तु गंजून नष्ट व्हावी यांत त्याचा कोणता सन्मान? शिवाय देह आणि यंत्र यांत एक मोठा फरक आहे. देह पुन्हां उठत नाहीं. यंत्र मात्र जाणत्या हातांत पुन्हां उठूं शकतें. अखेर परवानगी मिळाली आणि १९६९ सालीं बॅब्स वाळूंतून वर आली. ओवेन यांनीं ती स्नोडोनियाच्या डोंगरांतील कॅपल किरिग या आपल्या गांवीं, आपल्या घरीं नेली.

येथून पुढें सुरू झालें तें काम वर्तमानपत्रांस फारसें रुचणारें नव्हतें, पण खरें तप तेंच होय. समुद्राची वाळू यंत्राशीं कशी वागते हें समजल्याशिवाय त्या कामाची कल्पना येत नाहीं. लोखंडास गंज चढण्यास पाणी आणि हवा दोन्ही लागतात. खोल, ओल्या वाळूंत हवा कमी पोंचते, म्हणून जाड पोलाद तेथें अपेक्षेपेक्षां अधिक टिकाव धरतें. पातळ पत्रा मात्र आधीं जातो. ॲल्युमिनियम आणि पोलाद जेथें एकमेकांस चिकटलेले असतात, तेथें तर खाऱ्या पाण्यामुळें जणूं विजेची बॅटरीच तयार होते, आणि त्यांतला ॲल्युमिनियमचा भाग हळूहळू खाल्ला जातो. लिबर्टी इंजिनाचीं नळकांडीं पोलादी आणि त्यांचा पाया ॲल्युमिनियमचा होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे अडचणीचें स्वरूप कळेल. आणखी एक चमत्कार असा कीं, असें यंत्र बाहेर काढतांच त्यास नवा धोका उत्पन्न होतो. वर्षानुवर्षें हवेपासून दूर राहिलेल्या धातूस एकदम वारा लागतो आणि आंत मुरलेलें मीठ आपलें काम झपाट्यानें करूं लागतें. म्हणून प्रथम गोड्या पाण्यानें मीठ धुवून काढावें लागतें, मग तेल पाजावें लागतें, आणि मगच पाना हातीं घ्यावा लागतो.

पाना हातीं घेतला तरी नट सुटतो असें नाहीं. गंजानें आटे एकजीव झालेले असतात. जोर केला तर बोल्ट मधेंच तुटतो. म्हणून तापवावें, निवूं द्यावें, तेल सोडावें, दोन दिवस वाट पहावी आणि पुन्हां हळूच फिरवून पहावें. निघालेला प्रत्येक तुकडा, मग तो कितीहि कुजका असो, फेंकून देतां येत नाहीं. कारण असल्या गाडीस दुसरी बहीण नसते. बाजारांत तिचे सुटे भाग मिळत नाहींत. नवा भाग घडवावयाचा तर त्याचें माप त्या कुजक्या तुकड्यावरूनच घ्यावें लागतें. काय ठेवावयाचें आणि काय नवें करावयाचें हा विवेक प्रत्येक पायरीवर करावा लागतो. फार नवें केलें तर ती प्रतिकृति होते. कांहींच नवें केलें नाहीं तर तो भंगार माल रहातो.

असें काम एकट्याचें नव्हे. एकानें खालून पाना धरावा तेव्हां दुसऱ्यानें वरून नट फिरवावा, एवढ्या साध्या गोष्टीसाठींसुद्धां चार हात लागतात. पण मित्राचा खरा उपयोग त्याहून निराळा आहे. महिनोन् महिने एकाच वस्तूकडे पाहणाऱ्या माणसाचे डोळे शेवटीं त्या वस्तूच्या दोषांस सरावतात. ‘हें बरोबर बसलेलें नाहीं, पुन्हां काढ,’ असें सांगणारा दुसरा डोळा तेव्हां हवा असतो. झ्बोरोव्स्कीस गॅलप होता, थॉमसला रेल्टन होता. ओवेन यांच्या कामासहि स्नेह्यांचे हात लागले. पैशाची आशा नाहीं, मुदतीचें बंधन नाहीं, केवळ काम नीट व्हावें ही इच्छा, अशा वातावरणांत तें चाललें. त्यास सुमारें पंधरा वर्षें लागलीं. जी गाडी एक मैल एकवीस सेकंदांत तोडीत असे, तिला स्वतःच्या पायांवर उभें राहण्यास सव्वा तप लागावें, यांत घडविणें आणि मोडणें यांतला सारा भेद आला.

या पंधरा वर्षांचें फळ केवळ एक चालती गाडी एवढेंच नव्हतें. वाळूखालचा साक्षीदार आतां बोलूं शकत होता. अवशेष हातीं आल्यावर साखळीच्या कहाणीची तपासणी करणें शक्य झालें, आणि ती कहाणी त्या तपासणींत टिकली नाहीं. आधीं साखळी तुटून तिनें चालकाचा प्राण घेतला असें नव्हे, तर उजवें मागील चाक आधीं ढासळलें, त्यामुळें गाडी उलटली आणि उलटतांना थॉमसला प्राणांतिक जखम झाली, हें अधिक संभवनीय ठरलें. साखळी तुटली असली तरी तो अपघाताचा परिणाम होता, कारण नव्हे. वरवर पाहतां हा भेद बारीक वाटेल. परंतु उघड दिसणाऱ्या धोक्याकडे डोळेझांक करणारा माणूस आणि धांवत्या चाकाच्या आऱ्यांनीं दगा दिलेला माणूस यांत फार अंतर आहे. बेचाळीस वर्षें पहिल्या रूपांत सांगितला गेलेला थॉमस आतां दुसऱ्या रूपांत सांगतां येतो, आणि हें घडलें तें एका शिक्षकानें आपल्या घरीं गंजलेले बोल्ट धीरानें सोडविले म्हणून.

ओवेन यांस या कामाबद्दल १९९९ सालीं वेल्समध्यें टॉम प्राइस यांच्या नांवाचें पारितोषिक देण्यांत आलें. बॅब्स पेंडाइनच्या संग्रहालयांत आणि ब्रुकलंड्सच्या संग्रहालयांत लोकांस पहावयास मिळत आली आहे. म्हणजे जेथें ती पडली तेंहि तिचें घर आणि जेथें ती घडली तेंहि. थॉमसचा साह्यकर्ता रेल्टन पुढें फार मोठा झाला. त्यानें रचलेल्या मोटारींत बसून जॉन कॉब यानें १९४७ सालीं ताशीं ३९४ मैलांचा वेग गांठला. त्या आंकड्यापुढें थॉमसचे १७१ मैल आज लहान दिसतात. परंतु वेगाचे आंकडे हे नेहमींच मागें पडण्यासाठीं असतात. पाठीमागून येणाऱ्यास उपयोगी पडतें तें काम, आणि त्या कामाचा खरा वृत्तांत.

मग विसर्जन योग्य कीं जीर्णोद्धार? या एका गाडीपुरतें तरी दोन्हींचें उत्तर होय असेंच द्यावें लागतें. १९२७ सालीं शोक ताजा होता, जखम ओली होती. तेव्हां मित्रांनीं गाडी वाळूच्या स्वाधीन केली हें त्यांच्या प्रेमास साजेसेंच झालें. चाळीस वर्षांनंतर शोक निवला होता आणि उरली होती ती केवळ एक ऐकीव गोष्ट. तेव्हां ती गाडी वर काढणें हेंहि प्रेमाचेंच काम होतें; फरक इतकाच कीं पहिलें एका दिवसांत उरकलें आणि दुसऱ्यास पंधरा वर्षें द्यावीं लागलीं. जुनी वस्तु घरीं दुरुस्त करीत बसणाऱ्या माणसास शेजारीपाजारी पुष्कळदां हंसतात. या भंगाराचें काय करणार, असें विचारतात. त्यांस बॅब्सचें उदाहरण सांगावें. गंजाखालीं केवळ लोखंडच असतें असें नाहीं. कधीं कधीं एखाद्या माणसाचा राहून गेलेला न्यायहि तेथें असतो.